लहान असल्याचा दाखला

ताईच्या कारखान्याची पाटी कारखान्यापेक्षा दोन फूट लांब होती. हे दोन फूट शेजारच्या घड्याळवाल्याच्या भिंतीवर गेले होते, आणि घड्याळवाला त्यांच्यावर आपली ओली छत्री वाळत घालायचा. पाटी ताईच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने लावली होती. मजकूर ऐकून पेंटरने दोनदा विचारलं होतं, "भिंत केवढी आहे?" आणि दादाने दोन्ही वेळा सांगितलं होतं, "भिंतीचं काय घेऊन बसलात, तुम्ही लिहा." मग पेंटरने लिहिलं: आंतरराष्ट्रीय शिडी उद्योग समूह, मुख्य कार्यालय.

समूहात चार माणसं होती. एक ताई. दुसरा रंधा मारणारा, त्याला सगळे रंधाच म्हणत. तिसरी मापं घेणारी बाई, तिचं नाव फूटपट्टी पडलं होतं आणि तिला ते आवडायचं. चौथा पायऱ्या चिकटवणारा डिंक्या, ज्याच्याशी हात मिळवायला फक्त नवखे लोक पुढे येत. दादा समूहात नव्हता. तो समूहाबद्दल बोलायचा. हे काम त्याने आयुष्यभर एकही सुट्टी न घेता केलं होतं.

मोठेपणा हे त्या घराण्याचं जुनं दुखणं होतं. घरात खोल्या किती असं कोणी विचारलं तर दादा कपाटंही मोजायचा. ताईला ही बाधा झाली नव्हती, कारण तिला लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली काम होतं आणि मोठेपणा करायला सवड मिळाली नव्हती.

आणि घड्याळवाल्याशी दादाचं बोलणं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी, घड्याळवाला जेव्हा नुसताच घड्याळवाल्याचा मुलगा होता, तेव्हा त्याने दादाचा लाल चेंडू चोरला होता. निदान दादाचं म्हणणं तसं होतं. घड्याळवाल्याने सुरुवातीची दहा वर्षं नाही म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं.

कारखान्यात वडिलांनी घालून दिलेला एक नियम होता. शिडी तयार झाली की जो शेवटची पायरी बसवेल त्यानेच काठोकाठ भरलेला चहाचा कप बशीसकट घेऊन सगळ्यात वर चढायचं, तिथे उभ्याने चहा प्यायचा आणि खाली यायचं. बशीत थेंब दिसला की शिडी डुगडुगते, परत दुरुस्तीला. त्यामुळे ताईच्या शिड्या पर्वतासारख्या स्थिर असत आणि कामगारांची झोप उडालेली असे.

पण लाकडी शिड्या आता कोणी घेईनासं झालं होतं. शहराबाहेर ॲल्युमिनियमच्या शिड्यांचा मोठा कारखाना निघाला होता. त्या कारखान्याने ताईला पत्रही धाडलं होतं: तुमचा अनुभव पाहता तयार शिड्यांवर स्टिकर लावण्याच्या विभागात तुमचं स्वागत आहे. ताईने ते पत्र चौपदरी घडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं. टेबल डुगडुगायचं थांबलं. एवढा त्या पत्राचा उपयोग झाला.

तेवढ्यात सरकारी दप्तरखान्यांची मागणी निघाली. तिथल्या फायली छताला टेकल्या होत्या आणि वरच्या फायलींमधली माणसं निकालाची वाट बघत म्हातारी होत चालली होती. तीनशे शिड्या हव्या होत्या. त्यातल्या शंभर फक्त लहान उद्योगांकडून घ्यायच्या, असा नियम. मात्र आपण लहान आहोत याचा सरकारी दाखला निविदेला जोडलेला हवा, आणि लखोटा गुरुवारी पाचच्या आत पेटीत पडायला हवा. शंभर शिड्या म्हणजे कारखाना दोन वर्षं चालणार. नाही तर महिनाअखेर कुलूप आणि सोमवारपासून स्टिकर.

ताईने अर्ज भरला. तपासणीची तारीख त्याच गुरुवारची, सकाळी अकराची आली. ती दादाला म्हणाली, "गुरुवारी सरकारी माणूस बघायला येणार आहे. दाखला मिळायचाय."

"कसला दाखला?"

"उद्योगाचा," ताई म्हणाली.

खरं तर 'लहान उद्योगाचा' असं वाक्य होतं. पण 'लहान' हा शब्द दादासमोर काढला की त्याचं जेवण जायचं, आणि नेमका तो जेवत होता. ताईने शब्द गिळला. दादाने घास गिळला. इथेच घोटाळा झाला.

गुरुवारी सकाळी ताई लाकडाच्या वखारीत गेली आणि अकराला दहा कमी असताना परतली. दारातच तिला वाटलं आपण चुकून दुसरीकडे आलो. आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत्या होती, आत्येचे जावई होते, चुलतभाऊ होते, त्यांच्या सासुरवाडीची माणसं होती. सगळ्यांच्या अंगात एप्रन होते आणि सगळे एप्रन एकाच फुलाफुलांच्या चादरीतून कापलेले होते. ती चादर ताईची होती. एक काका तयार पायरीला रंधा मारत होते. पायरी पेन्सिलीएवढी झाली होती तरी थांबत नव्हते. वहिनीचा धाकटा भाऊ खांद्यावर फळी घेऊन मागच्या दाराने बाहेर जात होता आणि पुढच्या दाराने आत येत होता.

"घाबरू नकोस," दादा म्हणाला. त्याने टाय लावला होता. "सगळी सोय केलीय. बावीस जमवले. आणखी येणार होते, पण जागेने दगा दिला."

"दादा, अरे—"

"नंतर बोल. आल्या."

तपासनीस बाई दारात उभ्या होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, चेहरा बंद खिडकीसारखा. एका हातात कागद अडकवलेला पुठ्ठा, दुसऱ्या हाताच्या मुठीत मावेल एवढं पोलादी यंत्र. त्याचं बटण अंगठ्याने दाबलं की टक् असा आवाज व्हायचा आणि आकडा एकाने पुढे सरकायचा. बाई लगेच मोजायला लागल्या. टक्. टक्. टक्. रंधा, फूटपट्टी आणि डिंक्या भिंतीला चिकटून उभे होते, कारण त्यांची हत्यारं नातेवाइकांकडे गेली होती. बाईंनी त्यांनाही मोजलं आणि विचारलं, "हे शिकाऊ का?"

फळीवाला मेहुणा पुढच्या दाराने पुन्हा आत आला.

"यांना मी मघाशी मोजलं," बाई म्हणाल्या.

"तो ह्याचा जुळा भाऊ," दादा म्हणाला.

टक्.

"एकूण अठ्ठावीस."

"आज जरा कमीच आहेत," दादा म्हणाला. "रात्रपाळीचे घरी झोपलेत."

ताईने त्याच्या पायावर पाय दिला. दादाला वाटलं, आकडा कमी पडतोय. "चाळीस जण," तो म्हणाला.

"मी दिसेल तेवढंच मोजते," बाई म्हणाल्या आणि कागदावर बघितलं. "लहान उद्योगाच्या दाखल्याला कामगार जास्तीत जास्त दहा. तुम्ही अठ्ठावीस आहात. अर्ज नामंजूर होईल."

खोलीत फक्त काकांच्या रंध्याचा आवाज उरला. मग पायरी संपली आणि तोही थांबला.

ताईने दादाला टायला धरून फळ्यांच्या थप्पीमागे नेलं.

"लहान उद्योग?" दादा कुजबुजला. "तू मला बोलली नाहीस."

"तू जेवत होतास."

"म्हणजे सरकार सहीशिक्क्यानिशी लिहून देणार की आपण लहान आहोत? आणि तू स्वतः होऊन मागायला गेलीस? अगं, लोक लपवतात."

"दादा, तो कागद पाचच्या आत मिळाला नाही तर हा कारखाना बंद. सोमवारपासून मी स्टिकर लावणार. ॲल्युमिनियमवर."

दादाने टाय सैल केला. थप्पीवर वडिलांचा जुना रंधा पडला होता, त्याच्याकडे बघत तो बराच वेळ गप्प राहिला. दादा गप्प राहणं ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती की पलीकडून वहिनीने डोकावून पाहिलं.

"ॲल्युमिनियमवर," तो शेवटी म्हणाला. मग टाय काढून खिशात कोंबला आणि बाहेर आला.

"मॅडम, मी खोटं बोललो. रात्रपाळी नाही. दिवसपाळीच कशीबशी आहे. ही सगळी आमची नातेवाईक मंडळी, घरात चहापाणी असलं की येतात. कामगार चारच."

"तुम्ही आत्ता सांगताय म्हणून मी मानायचं?"

"म्हणजे काय?" दादाचा आवाज चढला, कारण आपण सांगितलेल्यावर कोणी शंका घेतली की तो तयारीत यायचा, मग सांगितलेलं काही का असेना. "आमच्याइतका लहान उद्योग तुम्हाला दिवा घेऊन शोधून सापडणार नाही. दहा गावांत नाही. इतका लहान की वारा सुटला तर दोघांनी दार धरायचं आणि दोघांनी उद्योग. शिडी बनवतो आम्ही, पण ती आडवी करायची म्हटली तर रस्त्यावर जावं लागतं. उंदीर आला होता मागे, जागा बघून गेला. एवढं लहान व्हायला पिढ्या जातात, मॅडम. त्या पाटीवर जाऊ नका, ती शेजाऱ्याच्या भिंतीवर आहे."

"आणि तुम्ही कोण?"

दादाने श्वास घेतला. "मी इथे कोणी नाही."

वहिनी चहा ओतत होती, तिची किटली हवेतच राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाचं निवेदन लागेल. माझा या उद्योगाशी कामगार म्हणून संबंध नाही आणि पुढेही नसेल, खाली सही."

बावीस जण ओळीत बसले आणि दादाने सगळ्यांना मजकूर सांगितला, प्रत्येकाला थोडा वाढवून. काकांनी तर लिहिलं की मला रंधा म्हणजे काय हेही ठाऊक नाही, आणि त्या पायरीकडे बघून ते कोणालाही पटलं. मेहुण्यापाशी बाई थांबल्या. "जुळ्या भावाचंही लागेल."

"मी एकटाच आहे," मेहुणा खाली मान घालून म्हणाला.

"तसं लिहून द्या."

त्याने लिहिलं: मी एकटाच आहे. ते वाचून आत्याने त्याच्यासाठी मुलगी बघायचं मनावर घेतलं.

"झालं?" ताईने विचारलं. पावणेबारा वाजले होते.

"नाही. फॉर्मवर यंत्रावरचा आकडा लिहावा लागतो. यंत्रावर अठ्ठावीस आहे."

"मग मागे घ्या."

"हे मागे जात नाही. शून्य करायची कळ गेल्या वर्षी निखळली. दुरुस्तीचा अर्ज दिलाय."

"दुसरं यंत्र?"

"सगळ्या खात्यात हे एकच चालू आहे."

मग आजवर कोणी न विचारता कधीच न बोललेली फूटपट्टी बोलली. "पुढे जातं ना ते? चार आकडे आहेत. नऊ हजार नऊशे नव्याण्णवनंतर काय येतं?"

बाईंनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं. "शून्य."

"मग अजून नऊ हजार नऊशे बहात्तर वेळा दाबायचं."

बाईंनी कागद उलटेपालटे करून नियम तपासले. "यंत्र परक्या माणसाच्या हातात द्यायचं नाही, असं आहे. मी हातात धरते. बाहेरून कोणी दाबू नये असं कुठे लिहिलेलं नाही."

आणि त्या स्टुलावर बसल्या, हात पुढे केला, आणि बावीस नातेवाइकांची रांग लागली.

पहिले शंभर दादाने दाबले, मान म्हणून. पुढचे काकांनी. मग लक्षात आलं की असं चाललं तर संध्याकाळ होईल. तेव्हा आत्या पुढे आली. तिने साठ वर्षं मटार सोलले होते. तिचा अंगठा यंत्रावर पडला आणि टक्टक्टक्टक् असा आवाज सुरू झाला, जणू पत्र्यावर गारा पडाव्यात. बाईंनी पहिल्यांदाच भुवया उचलल्या.

"हळू, मॅडमचा हात दुखेल," वहिनी म्हणाली.

"दुखू दे," बाई म्हणाल्या. "चालू ठेवा."

दादा खुर्चीवर उभं राहून आकडे पुकारायला लागला. दोन हजार झाले तेव्हा बिस्किटं आली. मेहुणा दमलेल्यांचे अंगठे कोमट पाण्यात बुडवून देत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नेमकं काम मिळालं होतं. डिंक्यालाही हौस आली, पण त्याचा अंगठा बटणालाच चिकटला आणि सोडवण्यात तीन मिनिटं गेली. रस्त्याने जाणारा एक पोस्टमन पत्ता विचारायला आत आला आणि पन्नास वेळा दाबून गेला.

"चाललंय काय इथे?" त्याने जाताना विचारलं.

"लहान होतोय आम्ही," दादा अभिमानाने म्हणाला.

सात हजार सातशे सत्त्याहत्तरला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. का, ते कोणालाच सांगता आलं नसतं. बाईंनी यंत्र या हातातून त्या हातात घेतलं आणि बिस्किट चहात बुडवलं. ताई रांगेकडे बघत होती. वडील गेल्यापासून कारखान्यात एवढा गलका ती पहिल्यांदाच ऐकत होती. ही सगळी मंडळी मोठेपणा मिरवायला आली होती आणि आता घाम गाळून एकेक आकडा पुढे ढकलत होती. तिला हसू यायला लागलं. आकडा चुकला म्हणून आत्या रागावली, तरी तिचं हसू थांबेना.

नऊ हजार नऊशे नव्याण्णवला सगळे थांबले. बाईंनी हात ताईपुढे केला. ताईने एप्रनला अंगठा पुसला आणि दाबलं.

टक्. चार शून्यं.

काकांनी मेहुण्याला मिठी मारली. तेवढ्यात दारात घड्याळवाला उभा दिसला, डोळ्याला अजून भिंग लावलेलं.

"दोन तास झाले," तो ताईला म्हणाला, "माझ्या दुकानात कुठलं घड्याळ एवढं धावतंय तेच कळेना. सगळी उघडून बघितली." मग त्याने बाईंच्या हातातलं यंत्र न्याहाळलं. "अरे, हे होय. याच्या बुडाला स्क्रू असतो. तो फिरवला की शून्य. अर्ध्या मिनिटाचं काम."

सगळ्यांनी आपापले अंगठे पाहिले.

"आधी का नाही सांगितलंस?" दादाने विचारलं, आणि चाळीस वर्षांचा अबोला मोडला हे दोघांच्याही एकदम लक्षात आलं.

"आपण बोलत नाही," घड्याळवाला म्हणाला.

"हो, तेही आहे."

बाई उठल्या आणि नव्याने मोजायला लागल्या. ताई, टक्. रंधा, टक्. फूटपट्टी, टक्. डिंक्या, टक्. त्यांनी लिहिलं: चार. मग पुढची ओळ वाचली आणि पेन थांबलं.

"कमीत कमी पाच लागतात," त्या म्हणाल्या. "पाचाच्या खाली उद्योग धरत नाहीत. छंद धरतात."

ताई स्टुलावर बसली. अर्जात तिने चार लिहिले होते आणि खिडकीवरच्या माणसाने काही न बोलता घेतला होता. दुपारचे दोन वाजून गेले होते.

"नियम मी केलेला नाही," बाई म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज थोडा मऊ होता. "आजच्या आज कोणी कामावर लागलं तरी चालेल. पण त्याला काम येतं हे मला दिसलं पाहिजे."

बावीस हात वर झाले.

"तुम्ही सगळ्यांनी लिहून दिलंय, पुढेही संबंध नसेल म्हणून."

बावीस हात खाली आले. बाईंनी निवेदनं मोजली, मग पुन्हा मोजली. "बावीसच आहेत. यांचं नाही." त्यांनी दादाकडे पेन केलं.

दादा खिडकीबाहेर बघायला लागला. "सगळ्यांना मजकूर सांगता सांगता राहिलं," तो म्हणाला. "करणारच होतो. म्हणजे, पेन घेतलं होतं दोनदा."

ताईला कळलं. बोलून झालं होतं, पण सही होत नव्हती.

"यांना काम येतं?" बाईंनी विचारलं.

घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कधी बोललं नव्हतं. दादा नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला शिडीवर चढवलं होतं, आणि तिसऱ्या पायरीवर तो असा गोठला की वडिलांनी मागून चढून त्याचा एकेक पाय हाताने धरून खाली ठेवला होता. अख्खी गल्ली बघत होती. त्यानंतर दादा शिडीवर कधी गेला नाही. तो शिड्यांबद्दल बोलायला लागला.

"पायरी बसवता येते मला," दादा म्हणाला. "लहानपणी बसवल्यात."

"इथे चहा पिऊन काम पुरं होतं, असं तुमच्या अर्जात लिहिलंय," बाई म्हणाल्या. "गुणवत्ता तपासणीच्या रकान्यात."

"नको, दादा," ताई हळूच म्हणाली. "जाऊ दे. स्टिकर काही वाईट नसतात."

हे ऐकून दादाने शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

दारापाशी सात पायऱ्यांची घोडाशिडी उभी होती, दोन्ही बाजूंनी चढता येणारी. एका बाजूची शेवटची पायरी राहिली होती. दादाने डिंक लावला, पायरी खाचेत घातली, हातोडीचे तीन ठोके दिले. फूटपट्टीने माप घेऊन मान हलवली. हात विसरले नव्हते. रंध्याने फुंकर मारून डिंक सुकवण्याचा अभिनय केला, कारण त्याला काहीतरी करावंसं वाटत होतं. अर्धा तास सगळे सुकणाऱ्या डिंकाकडे बघत बसले. मग वहिनीने कप भरला. ती थोडा कमी भरत होती. बाई म्हणाल्या, "काठापर्यंत."

दादा कपबशी घेऊन शिडीपाशी गेला. एका हाताने दांडा धरला. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर तो थांबला. कप बशीत वाजायला लागला.

"बोल काहीतरी," ताई म्हणाली.

"काय बोलू?"

"जे तुला येतं ते. पण खरं बोल."

दादाने आढ्याकडे बघितलं. "समूह वगैरे काही नाही," तो म्हणाला आणि चौथ्या पायरीवर गेला. "परदेशात आमची एकच शिडी गेलीय. तीही माझा मित्र परत करायला विसरला म्हणून." पाचवी. "मागच्या लग्नात मी ज्यांना आमचे संचालक म्हणून ओळख करून दिली, ते केटरर होते." सहावी. वाजणारा कप शांत झाला होता. "कारखाना माझा नाही. ताईचा आहे. मला नेहमी वाटायचं की तो माझा म्हटला की मलाही शिडी येते असं होईल."

सातवी.

तिथे उभं राहून त्याने डोळे उघडले, कारण शेवटच्या चार पायऱ्या त्याने ते मिटूनच पार केल्या होत्या. समोर आढ्याची तुळई होती. धुळीने माखलेली, आणि तिच्या खाचेत एक लाल चेंडू.

दादा त्या चेंडूकडे बघत राहिला. मग चहा प्यायला, एका दमात. रिकामी कपबशी त्याने खाली वाकून ताईच्या हातात दिली. बाईंनी बशीत भिंग लावून पाहिलं. भिंग घड्याळवाल्याने दिलं होतं.

"थेंब नाही," त्या म्हणाल्या, आणि अंगठा बटणावर ठेवला.

टक्.

दाखला लिहायला चार मिनिटं लागली. सदर उद्योग लहान असल्याचे प्रमाणित करण्यात येत आहे. बाईंनी शिक्का मारला आणि जाताना दारात थांबून पाटीकडे बघितलं. "ही मी बघितलेली नाही," असं म्हणाल्या आणि दुखरा हात झटकत निघून गेल्या. ताईने दाखला लखोट्यात घातला आणि मेहुण्याच्या स्कूटरवर मागे बसून सुटली. पाचला बारा कमी असताना लखोटा पेटीत पडला. पेटीशेजारच्या शिपायाने विचारलं, "कसलं?" ताई म्हणाली, "लहानचं," आणि या शब्दाने तिच्या तोंडाला अगदी गोड चव आली.

ती परतली तेव्हा नातेवाईक पांगले होते. कारखान्यात दोघंच होते. घड्याळवाला दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता आणि दादा अजून वर होता.

"दृश्य बघतोय," दादा म्हणाला.

"समोर भिंत आहे."

"छान भिंत आहे." मग त्याने तुळईकडे बोट केलं. "ताई, हा चेंडू तुम्हाला सगळ्यांना माहीत होता?"

"इथे चहा प्यायलेल्या प्रत्येकाला."

"मग कोणी काढला का नाही?"

"बाबा म्हणायचे, ज्याचा आहे तो येईल वर."

दादाने चेंडू तुळईवरून उचलला, शर्टाला पुसला आणि खाली टाकला. घड्याळवाल्याने शिडी न सोडता तो एका हाताने झेलला.

"तुझ्याकडेच ठेव," दादा म्हणाला. "चाळीस वर्षं तूच चोरला म्हणत होतो, निदान खरं तरी होईल."

"आता या वयात चेंडूचा काय उपयोग," घड्याळवाला म्हणाला, पण चेंडू खिशात घातला. तो खिशात मावत नव्हता, तरी घातला.

"उतर आता," ताई म्हणाली.

"तीच अडचण आहे. बोलत बोलत चढता येतं. उतरताना काय बोलायचं ते सुचत नाहीये."

ताई शिडीच्या मागून तिसऱ्या पायरीपर्यंत चढली, हात वर करून त्याचा उजवा पाय धरला आणि खालच्या पायरीवर ठेवला. मग डावा. असे ते दोघं पायरी पायरी खाली येत राहिले.

"ताई," दादा मध्येच म्हणाला, "खाली आलो तरी मी कामगार राहतो ना?"

"उद्या सकाळी नऊला ये."

"नऊला? इतक्या लवकर?"

"उशीर चालत नाही," ताई म्हणाली आणि त्याचा पाय शेवटच्या पायरीवर टेकवला. "कारखाना लहान आहे, लगेच दिसतं."